विटिग पहिल्यांदा लावताना

विटिग म्हणजे अल्डिहाइडपासून अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेलं संयुग) बनवणारी अभिक्रिया. आधी त्यातलं फॉस्फोनियम मीठ वाळव. मिथाइल ट्रायफेनिलफॉस्फोनियम ब्रोमाइड ओलसर असेल तर ब्युटाइल लिथियम या तीव्र आम्लारीचा काही भाग पाण्यावरच खर्च होतो, आणि तू मात्र हिशेबाप्रमाणे घातलं म्हणून निर्धास्त राहतोस. नायट्रोजनखाली, कोरड्या टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) द्रावकात, ० अंशाला ब्युटाइल लिथियम थेंबथेंब सोड. पांढरा गढूळपणा पिवळा-केशरी होत गेला की इलाइड, म्हणजे पुढे अल्डिहाइडशी अभिक्रिया करणारं फॉस्फरसचं संयुग, तयार होतंय. तो रंग टिकेपर्यंत अल्डिहाइडला हात लावू नकोस.

अल्डिहाइडही तपासून घे. जुन्या बाटलीतल्या बेंझाल्डिहाइडच्या तोंडाशी पांढरे कण दिसतात ना, ते बेंझोइक आम्ल. ते इलाइडला मारून टाकतं. मी एकदा ऊर्ध्वपातनाचा कंटाळा केला आणि आख्खा दिवस वाया घालवला.

खरी डोकेदुखी नंतर येते: अल्कीनसोबत तयार होणारं ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड. अल्कीन अध्रुवीय असेल तर द्रावक उडवून उरलेलं हेक्झेनमध्ये घोळ, थंड कर, गाळ आणि सिलिकाच्या छोट्या थरातून काढ. ऑक्साइड बरंचसं मागे राहतं.

एस्टर जोडलेलं ई-अल्कीन (दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना मुख्य गट असलेलं) हवं असेल, तर माझं मत सरळ हॉर्नर-वॉड्सवर्थ-एमन्स या विटिगच्याच जातीच्या अभिक्रियेच्या बाजूने आहे. त्यात सोबत तयार होणारं फॉस्फेट पाण्याने धुऊन जातं.