नावडतं तेही अंगात भिनतं

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा नर्सिंगच्या ट्रेनिंगबद्दल फोनवर कुरकुरत होतीस, "आत्या, वॉर्डात कुणी काही शिकवत नाही गं, नुसतं बघत उभं राहायचं." सरकारी रुग्णालयात एका सिस्टरच्या वाट्याला इतके पेशंट येतात की तुला बाजूला बसवून समजावायला कुणाला सवड नसते. तेव्हा बघूनच शिकायचंय. मात्र बघायचं कुणाकडे आणि काय, यात फार फरक पडतो.

बघून शिकणं तुला नवं नाही. फास्ट लोकलमध्ये दादर यायच्या आधीच उठून "दादर का?" असं पुढचीला विचारत दाराकडे लाईन धरायची, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? बायकांच्या डब्यात चौघींना बघितलंस आणि तशीच वागू लागलीस.

अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच तपासलं होतं. 1961 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली 72 मुलं त्याने घेतली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला हातोडीने बडवलं, लाथा घातल्या. मग मुलांना खेळण्यांच्या खोलीत सोडलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांनी तश्शीच बाहुली बडवली, मोठ्यांच्या तोंडचे शब्दसुद्धा उचलले. एवढं तर कुठलीही आजी सांगेल. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा 1965 चा प्रयोग. त्यात मुलांना फिल्म दाखवली. काहींच्या फिल्ममध्ये मारणाऱ्याला शेवटी शाबासकी मिळाली, काहींच्या फिल्ममध्ये त्याला ओरडा बसला आणि काहींच्या फिल्ममध्ये काहीच झालं नाही. ओरडा बघितलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण पुढे "बघितलेलं करून दाखवा, स्टिकर आणि ज्यूस मिळेल" म्हटल्यावर त्यांनीही बाकीच्यांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती, काहींनी फक्त आत ठेवलं होतं.

आता तुझ्या वॉर्डाचं बघ. नातेवाइकांवर खेकसणाऱ्या त्या सिस्टरबद्दल तू म्हणालीस, "मी जन्मात अशी बोलणार नाही." विश्वास आहे माझा. पण तिचं वाक्य, तिचा सूर, फाईल आपटायची तऱ्हा, सगळं तुझ्या डोक्यात जमा झालंय. उद्या तू सीनियर होशील, दारात पंधरा नातेवाईक उभे असतील, तुला बोलणारं वर कुणी नसेल, तेव्हा तोंडातून तेच बाहेर पडेल. नुसत्या नावडीने ते पुसलं जात नाही. त्याच्या जागी ठेवायला दुसरं वाक्य लागतं. ते आजच ठरव. "आत ड्रेसिंग चाललंय, दहा मिनिटांत मी स्वतः बोलावते," असं काहीतरी. आणि घरी चारदा मोठ्याने म्हण. हसशील, पण म्हण.

हात धुण्याचंही तसंच. पेशंटला हात लावण्याआधी हात स्वच्छ करायचे, हे जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायच्या ज्या पाच वेळा सांगितल्यात त्यांतलं पहिलंच. तू परीक्षेत लिहिलंही असशील. पण राउंडला सगळ्यांत सीनियर माणूस तसाच एका बेडवरून दुसऱ्या बेडवर गेला की मागची अख्खी रांग तशीच जाते. कुणी मुद्दाम ठरवत नाही. तेव्हा तू रांगेत मागे असलीस तरी थांबून सॅनिटायझरने हात चोळ. दोन बेडनंतर शेजारची मुलगीही बाटलीकडे हात नेते की नाही बघ.

बांडुरा म्हणायचा की लक्ष द्यावं लागतं, लक्षात ठेवावं लागतं, हाताला जमावं लागतं आणि करावंसंही वाटावं लागतं. मला तुझी काळजी पहिल्याच पायरीची आहे. सलाईन लावताना तू सुईकडे बघतेस, सगळ्याच नव्या मुली बघतात. बघायचं असतं ते आधीचं. चांगली सिस्टर टूर्निके, म्हणजे दंडाला आवळायचा तो पट्टा, बांधल्यावर बोटाच्या टोकाने शीर चाचपते, दाबल्यावर ती रबरासारखी परत वर येते का ते बघते आणि तोवर पेशंटला गावाचं नाव विचारत राहते. एका हाताची शीर नाही मिळाली तर दुसरा हात बघते. दोनदा जमलं नाही तर सुई खाली ठेवून दुसरीला हाक मारते. ते हाक मारणं नीट बघ, कारण तिथे तिचा मोठेपणा आड येत नाही.

वॉर्डातली सगळ्यांत हुशार बाई निवडू नकोस. तिचे हात इतके सराईत असतात की काय केलं ते दिसतच नाही. तुझ्याहून दोन-तीन वर्षं पुढची निवड, ती अजून अडखळते आणि सावरते, ते तुला दिसेल. आणि जे दिसत नाही ते विचार. डॉक्टरांना आत्ताच का बोलावलं, अर्ध्या तासाने का नाही? भर ड्यूटीत विचारू नकोस, पुढच्या शिफ्टला ओव्हर देऊन ती मोकळी झाली की चहाला गाठ.

रविवारी सुट्टी मिळाली तर दादरला ये. नाईट करून थेट येऊ नकोस, आधी झोप काढ.

तुझी,
आत्या