घड्याळाला भीती कळते का?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येऊ लागतो आणि सहामाही परीक्षेपर्यंत येतच राहतो. ‘मॅडम, मुलगी फार टेन्शन घेते. ते हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ घेऊन देऊ का?’ विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते, त्यामुळे नुसतं हो किंवा नाही म्हणून मला त्यांना परत पाठवता येत नाही. त्यांना मी सईची गोष्ट सांगते. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

सई अकरा वर्षांची, सहावीत. वर्गात उभं राहून धडा वाचायचा म्हटलं की तिचे हात गार पडायचे, पोटात कळा यायच्या. शाळेच्या दिवशी सकाळी मळमळ, रविवारी काही नाही. बालरोगतज्ज्ञांनी तपासून शरीरात काही दोष नसल्याचं सांगितलं होतं. (हे आधी करून घ्याच. छातीतली धडधड कधी रक्त कमी असल्यामुळे किंवा थायरॉइडमुळेही असते.) ती आली तेव्हा मनगटावर बाबांनी वाढदिवसाला दिलेलं घड्याळ होतं. त्यात ठोके दिसायचे, ताणाचाही आकडा दिसायचा. रात्री बाबा मोबाईलवर दिवसभराचा आलेख उघडून प्रेमाने विचारायचे, ‘साडेदहाला काय झालं होतं गं?’

पहिल्या अर्ध्या तासात सईने मनगट इतक्यांदा वळवलं, की मी मोजायचं सोडून दिलं.

‘किती झाल्यावर भीती वाटते?’ मी विचारलं.

‘एकशे दहाच्या वर गेलं की.’

‘आणि आकडा बघितलाच नाही तर?’

ती गप्प बसली.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. पुढच्या भेटीत मी तिला म्हटलं, चल, आपण दोघी जिना पळत उतरू आणि पळत चढू. वर आल्यावर मी धापा टाकत दाराला टेकले. (माझं वय पंचावन्न आहे.)

‘बघ, किती?’

‘एकशे बत्तीस.’ तिचा चेहरा उतरला, मग हळूहळू बदलत गेला.

‘भीती वाटतेय?’

‘नाही... दम लागलाय.’

‘घड्याळाला कळलं का ते?’

ती खूप वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘ताई, याला काहीच कळत नाही. हे नुसतं मोजतं.’

तीस वर्षांच्या कामात असे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले असतील. मी काही समजावलं नव्हतं, फक्त जिना चढले होते. आपल्याला घटना अस्वस्थ करत नाही, तिच्याविषयीचं आपलं मत करतं, हे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचं सूत्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी उपचारात आणलं आणि कि. मो. फडके यांनी ती विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली. मी त्याच वाटेने काम करते. पण ते सूत्र इतक्या साध्या शब्दांत मलाही कधी मांडता आलं नव्हतं. घड्याळ हिरव्या उजेडाने मनगटातल्या रक्ताचा प्रवाह बघतं, त्यातून ठोके काढतं. बारीक मनगटावर पट्टा सैल असेल तर तेही चुकतं. ठोका आनंदाचा, धावण्याचा की भीतीचा, हे ठरवणारं डोकं आपलं असतं.

घड्याळ कपाटात गेलं. तरी सईला हाताशी काहीतरी हवं होतं, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. तिचा मामेभाऊ इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. त्याला मी बोलावून घेतलं. म्हटलं, सई सांगेल तसं बनवायचं. दोघं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन सामान घेऊन आले. पहिल्या यंत्राचा आवाज यायचा, तो वर्गभर ऐकू गेला असता. दुसऱ्यात दिवा होता, तो बाईंना दिसला असता. शेवटी मोबाईलमध्ये असते तशी, गोळीएवढी थरथरणारी मोटर एका फेल्टच्या गोगलगाईत शिवली. थरथर म्हणजे श्वास सोडायचा, थांबली की घ्यायचा. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. मी चार सेकंद घेणं आणि सहा सेकंद सोडणं सुचवलं होतं. सईला त्यात गुदमरल्यासारखं झालं. तीन आणि चार तिने स्वतः ठरवलं. मोठ्यांचं माप लहान छातीवर लादायचं नाही, हे मी तिच्याकडून शिकले.

भावाचा उत्साह वाढला. म्हणाला, यात ठोके ओळखणारा सेन्सर टाकतो, म्हणजे ही घाबरली की गोगलगाय आपोआप सुरू होईल. सई लगेच म्हणाली, ‘नको. ती सुरू झाली की मला वाटणार, अरे, आपण घाबरलो वाटतं! बटण मीच दाबणार.’

मुलांसाठी असं काही घेणाऱ्या किंवा बनवणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य ऐकवते. आकडा नको. आपोआप सुरू होणं नको. आईबाबांच्या मोबाईलवर तर काहीच जायला नको, कारण रोज संध्याकाळी जाब द्यावा लागला की मूल भीती लपवायला शिकतं. वर्गशिक्षिकेला मात्र आधी भेटून सांगा, नाहीतर ते खेळणं म्हणून जप्त होईल. आणि ते सुटणार कसं, हे पहिल्याच दिवशी मुलाशी बोला. ‘हे आहे म्हणून मी वाचू शकले’ असं त्याच्या मनात बसलं, तर एक भीती जाऊन दुसरी येते. एलिस एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरायचे. ते महिनाभर न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी मुलींशी बोलले. भीती सोबत घेऊनच ती गोष्ट करत राहिलं, की भीती वापरून झिजते, असं माझं ठाम मत आहे.

सईचं आम्ही तसंच ठरवलं. आधी वाचायच्या अगोदर बटण. मग बटण न दाबता नुसता खिशात हात. मग आठवड्यातून दोन दिवस गोगलगाय घरी. पण त्याआधीच एका मंगळवारी सकाळी आईचा फोन आला. ‘मॅडम, ती गोगलगाय टेबलावरच राहिलीय. मी रिक्षाने नेऊन देऊ का?’ मी नको म्हटलं. आईला ते फार जड गेलं, आणि खरं सांगायचं तर दुपारपर्यंत मलाही.

त्या दिवशी सईला वाचायला उठवलं. तिने चार ओळी वाचल्या, आवाज कापला, पाचव्या ओळीला ती खाली बसली. पोटही दुखलं. मला सांगताना मात्र म्हणाली, ‘दुखलं, पण मी वर्गातच होते.’

सगळ्याच मुलांचं असं होत नाही. मूल आठवडेच्या आठवडे शाळेत जात नसेल, जेवण-झोप उडाली असेल, किंवा जगण्याविषयी निराश बोलत असेल, तर यंत्र शोधण्यात दिवस घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

दिवाळीच्या सुट्टीत भावाने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मोटर परत मागितली. सईने गोगलगाईची शिवण स्वतः उसवून ती काढून दिली. रिकाम्या गोगलगाईत आता तिचा खोडरबर असतो.