पोस्टमन येतं, जावा थोडीफार येते. एपीआय ऑटोमेशनसाठी रेस्ट अशुअर्ड शिकू की कराटे?

दोन्ही साधनं एपीआयच्या, म्हणजे दोन प्रोग्रॅम एकमेकांशी ज्यातून बोलतात त्या दाराच्या, आपोआप चालणाऱ्या टेस्ट लिहिण्यासाठी आहेत; पोस्टमनमध्ये तुम्ही हेच हाताने तपासता. तुमच्या टीममधले डेव्हलपर कोणत्या भाषेत लिहितात ते आधी बघा. जावात लिहीत असतील तर रेस्ट अशुअर्ड, फार विचार न करता. ती कराटेपेक्षा फार सरस आहे असं नाही, पण तुमच्या टेस्ट त्यांच्याच रेपोमध्ये (कोड ठेवायच्या जागी), त्यांच्याच मेव्हन बिल्डमध्ये (कोड जोडून टेस्ट चालवणाऱ्या कामात) बसतात. कुणी एपीआयच्या उत्तरातल्या फील्डचं नाव बदललं की त्याचाच बिल्ड लाल होतो, म्हणजे नापास होतो, आणि तो स्वतः येऊन टेस्ट उघडतो. टेस्टरच्या लॅपटॉपवर पडून असलेल्या पोस्टमन कलेक्शनचं एवढं नशीब कुठलं!

रेस्ट अशुअर्ड ही लायब्ररी योहान हालेबी यांनी २०१० मध्ये सुरू केली. रुबी किंवा ग्रूव्हीत एपीआय तपासणं जितकं सुटसुटीत आहे तितकं ते जावात व्हावं, हा हेतू. लायसन्स अपाची २.०, त्यामुळे कंपनीत वापरायला अडचण नाही. टेस्टचे तीन भाग असतात: गिव्हनमध्ये हेडर (रिक्वेस्टसोबतची माहिती), टोकन (ओळख पटवणारा कोड), बॉडी (पाठवायचा मजकूर); व्हेनमध्ये गेट (माहिती मागायची) की पोस्ट (पाठवायची); देनमध्ये तुमच्या अपेक्षा. पोस्टमन येतं म्हणता, तर हे तुम्हाला लगेच जमेल. मुलाखतीत हे तीन शब्द घडाघडा म्हणून दाखवणारे पुष्कळ भेटतात. खरी परीक्षा देनमध्ये काय लिहिता याची असते.

'स्टेटस २०० (सर्व्हरचं 'सगळं ठीक') आला, टेस्ट पास' हा प्रकार करू नका. ऑर्डरची यादी रिकामी आली तरी स्टेटस २००च असतो. यादीत किती नोंदी आल्या, प्रत्येक वस्तूची किंमत गुणिले नग यांची बेरीज एकूण रकमेशी जुळते का, दुसऱ्या ग्राहकाच्या टोकनने हीच ऑर्डर मागितली तर नकार मिळतो का, हे तपासा. बेरजेसाठी वेगळं लूप लिहावं लागत नाही. जेसन म्हणजे एपीआयचं उत्तर ज्या स्वरूपात येतं ते; त्यातून हवं ते शोधणारा इथला जेसनपाथ ग्रूव्हीच्या जीपाथ या शोध-पद्धतीवर चालतो, त्यामुळे कलेक्ट, सम, फाइंडऑल हे सगळं एका ओळीत बसतं. फक्त, नेटवर प्रश्नचिन्ह आणि ॲटचं चिन्ह असलेले जे जेसनपाथ फिल्टर सापडतात, ते वेगळ्या लायब्ररीचे. ते इथे चिकटवले तर डोकं धरून बसाल.

आता पैशांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे भलेभले फसतात. रेस्ट अशुअर्ड जेसनमधला दशांश आकडा मूळ सेटिंगमध्ये फ्लोट म्हणून वाचते. तुम्ही १२.१२ शी तुलना करता आणि टेस्ट पडते. कारण तुमचा आकडा डबल, तिचा फ्लोट (दोन्ही जावातले दशांश आकड्यांचे प्रकार; फ्लोट कमी अचूक). नेटवर उपाय सापडतो: आकड्याच्या शेवटी एफ लावा, म्हणजे तोही फ्लोट होतो. टेस्ट हिरवी होते, पण मोठ्या रकमेत तिचा उपयोग संपतो. फ्लोटला जेमतेम सात अंकांची अचूकता असते. १२,३४,५६७.८९ रुपये ही रक्कम फ्लोटमध्ये १२,३४,५६७.८७५ होते. सर्व्हरने चुकून ८९ पैशांऐवजी ८४ पैसे पाठवले तर? तेही ८७५ वरच जाऊन बसतात. पाच पैशांचा फरक आहे आणि टेस्ट खुशाल पास! म्हणून रकमा असतील तिथे जेसनच्या कॉन्फिगमध्ये नंबर रिटर्न टाइप बिगडेसिमल (दशांश आकडा जसाच्या तसा ठेवणारा प्रकार) करून टाका आणि तुलनाही बिगडेसिमलशीच करा. हे पहिल्याच दिवशी करा, नंतर शेकडो टेस्टमधले एफ वेचत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट छोटी पण वेळ वाचवणारी. बॉडीच्या तपासण्या एकामागून एक साखळीत लावल्या तर पहिली पडताच बाकीच्या होतच नाहीत. त्याच तपासण्या एकाच बॉडी कॉलमध्ये स्वल्पविराम देऊन लिहिल्या तर सगळ्या तपासल्या जातात आणि काय काय बिघडलंय ते एकदम दिसतं.

बेस यूआरआय, म्हणजे सर्व्हरचा मूळ पत्ता, स्टॅटिक (सगळ्या टेस्टना सामायिक) ठेवण्याची शिकवण बहुतेक ट्युटोरियलमध्ये असते. काही सांगितलं नाही तर लायब्ररी लोकलहोस्टच्या (तुमच्याच मशीनच्या) ८०८० पोर्टवर जाते, म्हणून सुरुवातीला ते स्टॅटिक बदलणं सोपं वाटतं. पण टेस्ट समांतर चालवायला लागलात की एक टेस्ट दुसरीचा पत्ता बदलू शकते. त्यापेक्षा रिक्वेस्ट स्पेसिफिकेशन (पत्ता, हेडर वगैरे एकत्र ठेवणारा साचा) बनवा आणि तेच प्रत्येक टेस्टला द्या.

कराटे कधी? टीममध्ये कोडची सवय असलेलं कुणीच नसेल, किंवा डेव्हलपर जावावाले नसतील तेव्हा. इंट्युइट या कंपनीत तयार होऊन २०१७ मध्ये ती ओपन सोर्स झाली. टेस्ट साध्या फीचर फाइलमध्ये लिहायच्या, मॉक सर्व्हरही (खऱ्याऐवजी उत्तर देणारा नकली सर्व्हर) त्यातच मिळतो. तुम्हाला जावा थोडीफार येते म्हणता, मग ती वाढवण्याची संधी मी सोडणार नाही.

सुरुवात करताना एकच पूर्ण प्रवास घ्या: ऑर्डर तयार करा, मिळालेल्या आयडीने ती परत मागवा, रद्द करा, पुन्हा मागवा. तपासणी पडली तरच लॉग छापण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. आणि टोकन ज्यात असतं तो ऑथरायझेशन हेडर ब्लॅकलिस्ट हेडरमध्ये, म्हणजे लॉगमध्ये लपवायच्या हेडरच्या यादीत, घाला. नाहीतर टेस्ट पडली की जेनकिन्सच्या (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये तुमचं टोकन सगळ्यांना वाचता येईल.