देव दिसला तरी मडकं कच्चंच?

प्रश्न : काका, आमची आई माळकरी, दरवर्षी वारीला जाते. ऑफिसातला एकजण कुठल्याशा शिबिराला जाऊन आला नि तेव्हापासून सांगत सुटलाय की मला साक्षात्कार झाला, डोळे मिटले की लाइट दिसतो. आईला विचारलं, तुला इतक्या वर्षांत काय दिसलं, तर म्हणाली गर्दी. मग साक्षात्कार म्हणजे नेमकं काय हो? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आईंना आधी माझा नमस्कार सांगा. लाइट दिसला असेल, नाही म्हणणारा मी कोण, पण वारकऱ्यांत नुसत्या दिसण्याला फारसा भाव नाही. नामदेवांचंच घ्या. विठोबा म्हणे त्यांच्या हातचा नैवेद्य खायचा, गप्पा मारायचा, याहून जास्त काय दिसायला पाहिजे? तरी तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून थापटणं घेतलं नि मडकी ठोकून बघतात तशी एकेका संताच्या डोक्यावर टपली मारत सुटले, बाकीचे गप्प बसले आणि नामदेव चिडले. झालं, हे मडकं कच्चं! रुसून पंढरपूरला गेले तर विठोबाच म्हणाला, गुरू कर.

मग औंढा नागनाथला विसोबा खेचर भेटले, पण कसे, तर शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल झोपलेले. नामदेव भडकले, तर हे म्हणतात, म्हातारा झालोय बाबा, जिथे पिंड नसेल तिथे तूच ठेव माझे पाय. आणि ठेवावेत तिथे पिंड!

मला विचाराल तर सगळी मेख इथंच आहे. आधी देव एका गाभाऱ्यात होता, आता पाय ठेवायलाही जागा उरली नाही. पुढे कुत्र्यानं पोळी पळवली तर हाच माणूस तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावला, देवा कोरडी खाऊ नका म्हणत.

बरं, एवढं कळल्यावर भजन सुटलं का, तर अजिबात नाही, उलट पंजाबात घुमानपर्यंत कीर्तन करत गेले, त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. याला ज्ञानोत्तर भक्ती म्हणतात. तुकोबा तर सरळ म्हणतात मुक्ती नको, संतसंग दे आणि मग खुशाल परत जन्माला घाल, आता मोक्षाचं सर्टिफिकेट वाटणाऱ्यांनी यावर काय बोलायचं!

तुमच्या मित्राला एवढंच विचारा, लाइट दिसल्यापासून कुणी डोक्यात टपली मारली तर राग येतो का.