वाचकांचे प्रश्न : पोर्ट्रेटसाठी ५० मिमी की ८५ मिमी?

प्रश्न : माझ्याकडे कॅनन २००डी मार्क टू आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण अशा घरगुती कार्यक्रमांत माणसांचे फोटो काढतो. मागचं धूसर हवं असतं. बजेट दहा हजार. ८५ मिमी हीच खरी पोर्ट्रेट लेन्स, असं सगळे सांगतात. थांबून तीच घेऊ का? (सांगली)

उत्तर : थांबू नका. ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घ्या (एसटीएम हा तिच्यातल्या फोकस मोटरचा प्रकार). एफ/१.८ हा लेन्सचं छिद्र किती उघडतं ते सांगणारा आकडा; तो जितका लहान, तितकं मागचं जास्त धूसर. मिमीचा आकडा जितका मोठा, तितका माणूस फोटोत जवळ दिसतो. ८५चा सल्ला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांचा आहे. तुमचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) लहान असल्याने ५० मिमी तिथल्या ८० मिमीसारखी वागते आणि ८५ मिमी थेट १३६ मिमीसारखी.

खरी अडचण जागेची. कमरेपर्यंतच्या उभ्या फोटोत साधारण मीटरभर उंची मावावी लागते. ५० मिमीने तो सव्वादोन मीटरवरून निघतो, ८५ मिमीला पावणेचार मीटर लागतात. दहा बाय बाराच्या खोलीची लांब बाजूच ३.६५ मीटर! पाळण्याभोवतीच्या बायकांना मागे सरका म्हणणार तरी किती? खात्री हवी तर आत्ताची लेन्स ५० मिमीवर ठेवून एक अख्खा कार्यक्रम काढा. धूसरपणा तेवढा येणार नाही, पण अंतराचा अंदाज येईल. पूर्ण उभ्या माणसाला मात्र ५० मिमीलाही साडेचार मीटर लागतात, म्हणून १८-५५ विकू नका.

नवी लेन्स आली की सगळे एफ/१.८वरच फोटो काढतात आणि मग लेन्स शार्प नाही म्हणून कुरकुरतात. दीड मीटरवर एफ/१.८ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटरचा असतो. मधल्या पॉइंटने फोकस धरून कॅमेरा वळवला, की तेवढ्यात डोळा त्यातून निसटतो. एकट्या चेहऱ्याला एफ/२.८ ठेवा, जोडप्याला एफ/४, आणि दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर घ्या. व्ह्यूफाइंडरऐवजी लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) डोळा ओळखणारा फोकस वापरा. तो थेट सेन्सरवरून होत असल्याने पुढे-मागे चुकण्याचं प्रमाण खूप कमी. या लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही, त्यामुळे शटर १/१६० सेकंदापेक्षा हळू नको. चुळबुळ्या पोरांना १/२५०. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

आणि माणसाला भिंतीपासून दोन मीटर तरी पुढे आणा. भिंतीला टेकलेल्या माणसामागे कुठलीच लेन्स धूसरपणा आणू शकत नाही.

प्रश्न : निकॉन डी३५००साठी सेकंडहँड ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात मिळतेय. घ्यावी का? (रत्नागिरी)

उत्तर : ऑटोफोकस हवा असेल तर नको. त्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीतही नाही. दर वेळी हातानेच रिंग फिरवावी लागेल. एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी शोधा, तिच्यात मोटर आहे.

सेकंडहँड घेताना दोन्ही झाकणं काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे म्हणजे बुरशी. कोकणातल्या दमट हवेत ती हमखास सापडते. धुळीच्या दोन-चार कणांनी काही बिघडत नाही. अ‍ॅपर्चरची (लेन्समधलं छिद्र लहान-मोठं करणारी) पाती तेलकट दिसली तर सोडून द्या, ती अडकतात आणि फोटो जास्त उजळ येतात. शेवटी आपल्याच बॉडीवर लावून एफ/१.८ आणि एफ/८ला एकेक फोटो काढा आणि झूम करून बघा. विकणारा याला तयार नसेल तर सौदा करू नका.