स्वस्तातले शार्कपट इतके फालतू असूनही लोक का बघतात?

हसायला बघतात, घाबरायला नाही. आणि शक्यतो घोळक्याने. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या खोलीवर दर शनिवारी हाच कार्यक्रम असतो, म्हणून सांगतो. संगणकावर काढलेला शार्क पाण्याबाहेर झेप घेतो, पण शिंतोडाही उडत नाही. लगेच कुणीतरी ओरडतं, ‘अबे, हा तर कोरडाच आहे बे!’ अख्खी खोली लोळते. २०१३ चा ‘शार्कनेडो’ टीव्हीवर लागला तेव्हा गाजला तोही ट्विटरवरच्या टिंगलीमुळे, आणि पुढे त्याचे आणखी पाच भाग निघाले (पाच!). मात्र बजेट कमी म्हणजे विनोदच, असं नाही. २००३ च्या ‘ओपन वॉटर’मध्ये खरे शार्क होते, तो बघताना तर्री-पोहे तसेच गार झाले.