नाव काढलं, मग जोडलं कसं?

प्रश्न: आईला बरीच वर्षं डायबेटिस आहे. रक्ताच्या टेस्ट एका लॅबमध्ये, डोळ्यांचं ऑपरेशन दुसऱ्याच हॉस्पिटलात. आता एका रिसर्चसाठी हे सगळे रेकॉर्ड जोडायचेत म्हणून संमतीचा फॉर्म आलाय, त्यात लिहिलंय की नाव काढून टाकणार. अहो पण नावच नसेल तर दोन्हीकडची फाइल आईचीच हे कळणार कसं? आणि कळत असेल तर मग गुप्त कसलं? सही करू का नको?

उत्तर: शंका एकदम रास्त आहे, फॉर्म लिहिणाऱ्यांनाच ती पडायला हवी होती. नाव लागतंच, फक्त ते कुणाच्या हातात जातं हा मुद्दा. नीट काम करणारे लोक दोन टीम वेगळ्या ठेवतात. एका टीमला फक्त नाव, जन्मतारीख, पत्ता मिळतो, आजार काय ते त्यांना माहीतच नसतं, ते फक्त माणसं जुळवतात आणि प्रत्येकाला एक कोड देतात. मग हॉस्पिटल आणि लॅब आजाराची माहिती त्या कोडसकट रिसर्चवाल्यांकडे पाठवतात, पण नावाशिवाय. म्हणजे ज्याला नाव माहीत त्याला आजार दिसत नाही आणि ज्याला आजार दिसतो त्याला नाव माहीत नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९९५ पासून असं रेकॉर्ड जोडण्याचं काम चालू आहे.

जुळवण्यात चुका होतात बरं का. स्पेलिंग बदललं, लग्नानंतर आडनाव बदललं, घर बदललं की एकच बाई कागदावर दोन वेगळ्या व्यक्ती होते, आणि अशी न जुळलेली माणसं अभ्यासातून गळाली की निष्कर्षही एका बाजूला झुकतो.

नुसतं नाव काढणं पुरत नाही हे मात्र खरंय. अमेरिकेत १९९७ च्या सुमाराला लतान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने नावं काढलेला हॉस्पिटलचा डेटा घेतला, मतदारयादी विकत आणली आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड एवढ्यावरून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचेच रेकॉर्ड शोधून काढले! म्हणून पूर्ण जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष ठेवतात, आणि डेटा कुणाच्या लॅपटॉपवर न देता बंदिस्त सिस्टिममध्येच बघू देतात.

मग एवढा खटाटोप कशाला? डेन्मार्कमध्ये असेच रेकॉर्ड जोडून ५,३७,३०३ मुलांचा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या) लसीने ऑटिझम होतो ही भीती त्यात खोटी ठरली. हजार-दोन हजार मुलांवर हे इतक्या खात्रीने सांगता आलं नसतं. उलट इंग्लंडची केअर डॉट डेटा ही डॉक्टरांकडचे रुग्णांचे रेकॉर्ड एका जागी जमवायची योजना बघा, लोकांना धड समजावलंच नाही, नको म्हणायचं कसं तेही स्पष्ट नव्हतं, लोक भडकले, २०१४ ला थांबवली आणि २०१६ ला गुंडाळली. चूक लोकांची नव्हती असं माझं मत.

तेव्हा फॉर्मवाल्यांना विचारा की डेटा राहणार कुठे, एथिक्स कमिटीने (म्हणजे रिसर्चमध्ये माणसांवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीने) मंजुरी दिलीय का, उद्या विमा कंपनीने मागितला तर देणार का. नको म्हटलं तर उपचारात फरक पडता कामा नये, आणि नंतर माघार घेता येते का तेही आत्ताच विचारा, कारण एकदा निकाल छापून आले की त्यातून एकटीचे आकडे बाहेर काढता येत नाहीत. उत्तरं सरळ मिळाली तर मी तरी हो म्हणेन.

आणि एक राहिलंच. सही करू का असं तुम्ही विचारताय, पण रेकॉर्ड आईचे आहेत ना? त्यांना समजत असेल तर हे सगळं त्यांना वाचून दाखवा, सही त्याच करतील किंवा नाही करणार.